चार भिंतींतलं रडणं

१

गॉडिथ सुईणीच्या घराचं दार सताड उघडं होतं, चूल थंडगार होती आणि खुंटीवर तिचा पट्टा तसाच लटकत होता. संत मार्गारेटच्या नावाचा तो पट्टा अडलेल्या बाईच्या पोटाला गुंडाळतात. गॉडिथ तो घेतल्याशिवाय विहिरीपर्यंतसुद्धा जात नसे. कुणाला वाटेत कळा सुरू झाल्या तर, म्हणायची.

सर ड्रोगोच्या माणसांनी गावात सांगितलं, की म्हातारी दुःखाने बहिणीकडे निघून गेली. गॉडिथला बहीण नव्हती. सगळ्या थॉर्नवेलला हे ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

दुःख कसलं, तेही सांगतो. थॉर्नवेलची धनीणबाई अवीस, ड्रोगोची बायको, बाळंतपणात गेली. बाळही गेलं. दोघांना घाईघाईने एकाच खड्ड्यात पुरलं. गाव रडलं, कारण अवीसबाई आमची होती. तिच्या आजीच्या आधीपासून इथली जमीन त्याच रक्ताची. ड्रोगो बाहेरून आलेला जावई.

आता कायदा असा, की जमीनदार बाई मेली की तिची जमीन माहेरच्या रक्ताकडे परत जाते. पण तिला जिवंत मूल झालेलं असेल, मग ते घटकाभरच का जगेना, तर नवरा मरेपर्यंत ती जमीन नवऱ्याकडे राहते. मूल जिवंत होतं याची खूण एकच. चार भिंतींच्या आत त्याचं रडणं ऐकू आलं पाहिजे, आणि ऐकणारे पुरुष पाहिजेत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, आणि आत असलेल्या बायकांची साक्ष कोर्ट घेत नाही. म्हणून पुरुषांनी खाली बसून कान द्यायचा.

त्या दिवशी खाली बसलेल्या तिघांतला एक मी. माझं नाव सेवल, थॉर्नवेलच्या ओक-जंगलाचा राखणदार. दुसरा वारिन, पाणचक्कीवाला. तिसरा हॅमो, लाकडी पिंपं बांधणारा. तिघंही कुणाच्या वेठीचे नव्हेत, म्हणून आमच्या शब्दाला वजन.

सकाळपासून आम्ही मोठ्या घराच्या दिवाणखान्यात जवाची बिअर पीत बसलो होतो. बाळंतपणाच्या रीतीप्रमाणे पेट्यांची झाकणं उघडी, कपाटं उघडी, कुत्री मोकळी. कुणीतरी माझ्या बुटांच्या वाद्यासुद्धा सोडायला लावल्या. सर ड्रोगो केस मोकळे सोडून, कमरेला पट्टा न बांधता येरझारा घालत होता. सदरा गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

"धनी आज माझ्या आजीसारखे दिसतात," वारिन माझ्या कानात कुजबुजला.

वरून अवीसबाईच्या किंकाळ्या येत होत्या. मग त्या थांबल्या. ड्रोगो जिना चढून वर गेला. बऱ्याच वेळाने तो खाली आला, एका कुत्र्याला लाथेने बाजूला सारलं आणि किल्ल्या खुळखुळवत आमच्यासमोर उभा राहिला.

"गप्प बसा. वेळ आलीय. कान द्या."

आणि वरून रडणं आलं. कडक, भरदार, थांबून थांबून. वारिनने टोपी काढली. मी छातीवर क्रूस केला. हॅमो ताडकन उठून जिन्याकडे वळला, त्याचा पेला लवंडला, आणि वारिनने त्याला बाही धरून खाली बसवलं.

मी ते रडणं माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हाही शपथेवर सांगितलं असतं, आजही सांगेन. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तिथेच सगळी मेख होती.

२

मदर हवीस खेचरावर बसून आली. अवीसबाईची मावशी, नदीपलीकडच्या मठाची प्रमुख. उंच, हाडकुळी बाई. तिच्यामागे अवीसची धाकटी बहीण मॅबिली होती, रडून डोळे सुजलेले, हनुवटी मात्र वर. आईच्या वाटणीत मॅबिलीला नदीपलीकडची छोटी जहागीर मिळाली होती आणि अवीसला थॉर्नवेल. आता ड्रोगोचा दावा फसला, तर थॉर्नवेल मॅबिलीचं होणार होतं.

ड्रोगोने त्यांना दिवाणखान्यात बसवलं, पण जेवायला विचारलं नाही.

"मावशीबाई, मठाला कुरण कमी पडतं वाटतं," तो म्हणाला.

"मी शपथ घेतली त्या दिवशी सगळं सोडलं. पायातल्या या चपलासुद्धा मठाच्या. मला काय मिळणार?"

"मग कशाला आलात?"

"माझी भाची गेली. आणि या घरात असं पहिल्यांदाच होत नाहीये." मदर हवीसने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. "समुद्रापलीकडून नॉर्मन यायच्या आधी थॉर्नवेल एडगिफू नावाच्या विधवेचं होतं. विजेत्या राजाने ते तिच्याकडून काढून आपल्या सरदाराला दिलं. त्या सरदाराला मुलगीच झाली. तिच्या नवऱ्याने ते मठाकडे गहाण टाकलं, तिच्या मुलीने सोडवून आणलं. यादवीत दोनदा लुटलं गेलं, दोन्ही वेळा बायांनीच पुन्हा उभं केलं. मग ते माझ्या आईकडे आलं. आई बाळंतपणात गेली आणि माझ्या सावत्र बापाने तीस वर्षं थॉर्नवेल खाल्लं. त्याने उत्तरेकडचं अर्धं जंगल तोडलं, सेवलच्या बापाला विचारा."

"बाप मेला माझा," मी म्हणालो. "पण खुंट अजून आहेत."

"त्याचा हक्कसुद्धा एका रडण्यावर उभा होता," ड्रोगो हसला. "तेव्हा कुठे होतात?"

"जिन्याखाली. मी पोर होते. ते रडणं खरं होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. कायद्याशी माझं भांडण नाही, सर ड्रोगो. आज मला फक्त कळायचंय, की यांनी ऐकलं ते खरं होतं का."

"तीन पुरुषांनी ऐकलंय. राजाचा अधिकारी येतोय, त्याच्यापुढे ते सांगतील. आणि बायकांचं कोर्ट ऐकत नाही, हे तुम्हाला मठात कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो."

"ठाऊक आहे," मदर म्हणाली. "म्हणून तर मला कळत नाही, की गॉडिथला लपवलं कशाला? तिचं कोर्ट ऐकणारच नव्हतं, तर तिची भीती कुणाला होती?"

ड्रोगोच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याचा हात पट्ट्यावरच्या किल्ल्यांकडे गेला.

३

तिची भीती कशाला वाटावी, याचं उत्तर फादर थर्स्टनकडे निघालं. मदर हवीस मला बरोबर घेऊन गेली. "मला साक्षीदार लागतो," म्हणाली, "दाढीवाला."

आमचे फादर थर्स्टन देवळामागच्या कोबीला माती लावत होते. मोठ्या माणसांसमोर त्यांची जीभ अडखळायची.

"बाळाला तुम्ही देवळाच्या आवारात पुरलंत. म्हणजे त्याचा बाप्तिस्मा झाला होता?" मदरने विचारलं.

"गॉडिथने घाईत पाणी शिंपडलं. जीव जात असेल तर सुईणीला ते करता येतं, मदर."

"करता येतं. तिने तुम्हाला सांगितलं?"

"सर ड्रोगोंनी सांगितलं."

"मग पाणी कशात घेतलं होतं? ज्या भांड्याने असा बाप्तिस्मा होतो ते पुन्हा घरात वापरायचं नसतं. ते देवळात आणतात, नाहीतर जाळून टाकतात. तुमच्याकडे आलं का?"

फादर थर्स्टनने हातातला कोबी खाली ठेवला. "नाही."

"गॉडिथने या गावात अशी किती बाळं शिंपडली असतील?"

"पुष्कळ. दर वेळी भांडं घेऊन पळत यायची. माझ्याकडे तिच्या वाडग्यांची रास आहे."

"या वेळी आली नाही," मदर म्हणाली, "आणि तुम्ही विचारलंही नाहीत." देवळाच्या माणसाला कबुलीजबाब ऐकता येतो, बाईचासुद्धा. ड्रोगोला तेच नको होतं.

परत येताना मी म्हणालो, "मदर, पण मी रडणं ऐकलं. देवाशपथ ऐकलं."

"मला ठाऊक आहे. कसं होतं?"

"भरदार. भुकेल्या पोराचं असतं तसं."

"अवीसला महिनाभर अवकाश होता, सेवल. महिनाभर आधी आलेलं, मरायला टेकलेलं बाळ भरदार रडतं?"

मी चालता चालता थांबलो. मला सहा पोरं. माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

"आता त्या दिवसाचं सगळं सांग," ती म्हणाली. "काय ऐकलंस ते नको. काय दिसलं ते सांग."

मी पेट्यांपासून कुत्र्यांपर्यंत सगळं सांगितलं. ड्रोगोच्या लोंबत्या सदऱ्याचं सांगितलं, वारिनचा टोमणा सांगितला, हॅमो उठला ते सांगितलं, खुळखुळणाऱ्या किल्ल्या सांगितल्या. तिथे तिने माझा दंड धरला.

"किल्ल्या कशाला लटकतात?"

"पट्ट्याला."

"आणि पट्टा नव्हता म्हणालास."

"तो आधी. खाली आला तेव्हा होता."

"आणि हॅमो का उठला?"

"ते हॅमोलाच विचारू," मी म्हणालो.

४

हॅमो अंगणात पिंपाला लोखंडी कडं ठोकत होता. मदर, मॅबिली आणि मला पाहून तो आणखी जोरात ठोकायला लागला.

"पायात गोळा आला होता, म्हणून उठलो," तो म्हणाला. "त्यात काय?"

"पायात गोळा आलेला माणूस जिन्याकडे पाऊल टाकत नाही," मी म्हणालो.

"तू जंगल राख, सेवल. माझे पाय नको राखूस."

आतून त्याची बायको एडेवा आली, छातीशी दोन महिन्यांची पोर. अवीसबाईच्या बाळाला दूध पाजायला एडेवाला ठरवलेलं होतं, ईस्टरआधीचा लेंटचा उपास सुरू झाल्यावर ती मोठ्या घरात राहायला जाणार होती. बाळंतपण आधीच झालं, म्हणून ती त्या दिवशी घरीच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही.

मदर हवीसने पोरीकडे पाहिलं. पोरीच्या गालांवर चांगली लाली होती. मग तिने एडेवाकडे पाहिलं. एडेवाची नजर जमिनीवर.

"बापाचा कान," मदर म्हणाली. "हॅमो, खाली बसलेल्या तिघांत ते रडणं ओळखणारा तू एकटाच होतास. तू ओळखलंस आणि उठलास. मग तुला वाटलं, आपल्याला भास झाला. संध्याकाळी बायकोने सांगितलं, भास नव्हता."

हॅमोचा हातोडा हवेतच राहिला. "बाई, तुम्ही मठात परत जाल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आम्हाला इथे राहायचंय. तो म्हणतो, तोंड उघडलं तर कोर्टाला फसवलं म्हणून एडेवाला फासावर देईन. सांगा, देईल का नाही?"

"प्रयत्न करील."

"मग जा इथून."

मदर हवीसने आग्रह केला नाही. "एडेवा, मी तुला काही विचारत नाही. बाईचं ऐकत नाहीत, म्हणून विचारून उपयोगही नाही. सोमवारी कोर्टात माझे प्रश्न संपले, की मी दिवाणखान्यात, वरून दिसणाऱ्या डाव्या बाकावर बसेन. एवढंच सांगायला आले."

वाटेत मॅबिली चिडली. "मावशी, तो बोलला नाही तर थॉर्नवेल गेलं!"

"गेलं तर गेलं. त्याची बायको फासावर चढवून मला भाचीचं घर नको."

५

सोमवारी राजाचा अधिकारी आला. त्याला पडसं झालं होतं, आणि लवकर उरकून गरम पाण्यात पाय सोडायचे होते. आजूबाजूच्या गावांतले बारा पंच बाकांवर बसले. मॅबिली दावेदार, तिच्या वतीने मदर हवीसने प्रश्न विचारायचे ठरले. ड्रोगोने हरकत घेतली.

"मी साक्ष देत नाहीये," मदर म्हणाली. "विचारायला तरी तोंड लागतं, ते मला देवाने दिलंय."

अधिकाऱ्याने नाक शिंकरलं. "विचारा."

तिने वारिनला उभं केलं. "बाळंतपण चालू असताना घरातल्या गाठी का सोडतात?"

"बाईची सुटका लवकर व्हावी म्हणून. एकही गाठ, एकही कुलूप बंद ठेवत नाहीत. नवऱ्याने तर पट्टासुद्धा बांधायचा नाही."

"आणि पुन्हा कधी बांधतात?"

"सुटका झाल्यावर. बाळ बाहेर आलं की." वारिन बोलता बोलता अडखळला. पाणचक्कीवाला बोलघेवडा खरा, पण मूर्ख नव्हता. त्याने ड्रोगोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सकाळी सर ड्रोगोंच्या कमरेला पट्टा होता?"

"नव्हता. मीच म्हणालो, की..." त्याने घसा खाकरला. "नव्हता."

"'वेळ आलीय, कान द्या' म्हणाले तेव्हा?"

"होता," वारिन म्हणाला. "किल्ल्यांसकट."

मलाही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "रडणं यायच्या आधी धन्याने पट्टा बांधला होता, साहेब. म्हणजे बाळंतपण आटोपल्याचं त्याला ठाऊक होतं. आईच्या पोटातून येऊन बाळ गप्प होतं, आणि नंतर कधीतरी आम्हाला ऐकवायला रडलं."

"पट्ट्यावरून जहागीर काढून घेणार?" ड्रोगो उसळला. "मला थंडी वाजत होती! यांनी रडणं ऐकलं की नाही, एवढंच विचारा!"

अधिकाऱ्याने रुमाल घडी करून ठेवला. "ते खरं आहे. संशय चांगला आहे, बाई, पण संशयच आहे. तिघांनी रडणं ऐकलंय. दुसरं मूल त्या खोलीत होतं असं कुणी सांगतंय का?"

मदर हवीसने हॅमोला उभं केलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हॅमो, तू का उठलास?"

"पायात गोळा आला होता."

"त्या दिवशी तुझी मुलगी कुठे होती?"

"घरी."

मदर हवीस म्हणाली, "बस खाली." आणि डाव्या बाकावर जाऊन बसली. मॅबिलीने ओठ चावला. ड्रोगोने पाय लांब केले.

तेवढ्यात वरून रडणं आलं.

कडक, भरदार, थांबून थांबून. वारिनचा हात आपोआप टोपीकडे गेला. ते तेच रडणं होतं. आणि हॅमो बाकावरून उठला, जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पोचला, आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की सगळं कोर्ट त्याच्याकडे पाहतंय.

वरच्या खोलीचं दार उघडं होतं. एडेवा उभी होती, छातीशी पोर. मागच्या जिन्याने चढली होती, त्या दिवशी तिला चढवलं होतं तशीच.

"आज मी फक्त हिचं पाजणं मधेच थांबवलं," ती मोठ्याने म्हणाली. "त्या दिवशी सर ड्रोगोच्या माणसाने हिला माझ्या हातातून ओढून तिचे पाय थंड पाण्याच्या बादलीत बुडवले होते."

"बाईची साक्ष चालत नाही!" ड्रोगो ओरडला.

"मी कुठे साक्ष देतेय? कायद्याला बाईचं ऐकू येत नाही, पण चार भिंतींतलं पोराचं रडणं ऐकू येतं ना? मग ऐका की! घ्या ऐकून!"

पोर आणखी जोरात रडली. एका पंचाला हसू आवरेना. अधिकारी हसला नाही. तो जिन्याजवळ गेला.

"पिंपवाल्या, तुझ्या पायात आताही गोळा आला का?"

हॅमोने कठडा घट्ट धरला. "नाही साहेब," तो म्हणाला. "ती माझी पोर आहे. त्या दिवशीही तीच होती. माझ्या बायकोने हे खुशीने केलेलं नाही. फासावर द्यायचं तर मला द्या, खोटं मी बोललो."

"फासावर कुणी जाणार नाही," अधिकारी म्हणाला. "जबरदस्ती कुणी केली ते मला दिसतंय." मग तो माझ्याकडे आणि वारिनकडे वळला. "तुम्ही ऐकलं होतं ते हेच?"

"हेच," आम्ही एकदम म्हणालो.

पंचांना बाहेर जायचीसुद्धा गरज पडली नाही. थॉर्नवेल मॅबिलीचं झालं. सुईण कुठे आहे, हे अधिकाऱ्याने ड्रोगोला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्याच्याच माणसाने सांगितलं: ड्रोगोच्या भावाच्या धान्यकोठारात.

जाताना ड्रोगो दारात थांबला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "जिंकलात," तो म्हणाला. "पण मग ते बाळ मेलेलंच जन्मलं. बाप्तिस्म्याशिवाय. देवळाच्या आवारात त्याला जागा नाही. फादर थर्स्टन, तुमचं काम तुम्हाला कळतं ना? खणा आता, माझ्या बायकोच्या कुशीतून काढा."



६

गॉडिथला माझ्या गाडीतून आणलं. काटकुळी झाली होती, पण बोलणं जसंच्या तसं.

"मुलगी होती," ती म्हणाली. "निळी पडूनच आली. तो दारातून ओरडत होता, पाणी शिंपड, नाव ठेव. मी म्हटलं, मेलेल्यावर शिंपडत नाही, देवाशी खोटं बोलत नाही. म्हणून मला कोठारात टाकलं." मग तिने विचारलं, "आणि मुलगी कुठे आहे?"

मी सांगितलं. ड्रोगो जाताना काय बोलला, तेही सांगितलं. ती घरी गेलीच नाही. खुंटीवरचा पट्टासुद्धा घेतला नाही. थेट देवळाकडे चालू लागली.

फादर थर्स्टन तिथे फावडं घेऊन उभे होते. बिशपच्या माणसांना कळलं तर काय होईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण कबरीजवळ त्यांना जाता येत नव्हतं. एडेवा तिथे बसली होती, पोरीला पाजत. तिच्या शेजारी माझी बायको, वारिनची आई, आणि गावातल्या निम्म्या बायका. मॅबिली, थॉर्नवेलची नवी धनीण, सरळ चिखलात मांडी घालून बसली होती. नुकताच बर्फ वितळला होता, आमच्या बुटांना माती चिकटत होती.

"नियम आहे," फादर थर्स्टन हळूच म्हणाले. "मदर, तुम्ही तरी सांगा यांना. खरं तुम्हीच बाहेर काढलंत."

"काढलं," मदर हवीस म्हणाली, "आणि त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. मुलगी मेलेलीच जन्मली." तिने आपला झगा सावरला आणि एडेवाच्या शेजारी जमिनीवर बसली. "पण ती आईजवळ आहे, फादर. तिला उचलायचं तर आधी मला उचला. मी हलकी आहे, पण मठ माझ्यामागून येईल."

मी टोपी काढून त्यांच्यामागे उभा राहिलो. थोड्या वेळाने हॅमो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, मग वारिन.

गॉडिथ कबरीच्या डोक्याशी गेली, गुडघे टेकले आणि फादर थर्स्टनकडे सरळ पाहिलं. "मी त्याच्यासाठी खोटं बोलले नाही, तुमच्यासाठीही बोलणार नाही. पाणी पडलेलं नाही तिच्यावर. आता खणा, खणवत असेल तर."

फादर थर्स्टनने फावड्याचं टोक जमिनीला लावलं. ते लोण्यात शिरावं तसं मऊ चिखलात शिरलं. त्यांनी फावड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि ते हळूच बाहेर काढून खांद्यावर घेतलं.

"माती फार गोठलीय," ते म्हणाले. "आत्ता खणता यायचं नाही."

"मग उन्हाळ्यात या, फादर," गॉडिथ म्हणाली. "आम्ही इथेच असू."